बाबा आरती म्हणायचे, पण पाणी मागता येत नव्हतं: आमचे वाया गेलेले पाच महिने

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी उठून पुन्हा वाचली. वडिलांना स्ट्रोक येऊन सात आठवडे झाले, उजवा हात अजून जड आहे, तोंडातून 'हां हां' पलीकडे शब्द नाही. आणि श्रावणी सोमवारी शेजारच्या देवळात आरती सुरू झाल्यावर त्यांनी घरात बसल्या बसल्या ती सगळी, स्पष्ट शब्दांत म्हटली. आता घरचे म्हणतात की वाचा परत आली, डिचोलीहून पणजीला थेरपीसाठी खेपा कशाला, त्यापेक्षा दिवसभर भजनं लावून ठेवू. हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. थेरपी बंद करू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र घरात आजच सांगा.

मी डॉक्टर नाही, फोंडा तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. खाली लिहिते ते आमच्या घरात घडलेलं आणि त्यानंतर मी वाचून, विचारून समजून घेतलेलं. स्ट्रोक कुठे आणि किती मोठा झाला यावर सगळं अवलंबून असतं, त्यामुळे आमचं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. गोळ्या, बीपी, साखर, फिजिओ याबद्दल लिहीत नाही, ते तुम्ही करत असणारच.

आमच्या बाबांना जूनमध्ये झटका आला. गावच्या भजनात ते चाळीस वर्षं पुढे बसून गायलेले. घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं समजत होतं, पण शब्द निघत नव्हता. 'ता… ता…' एवढंच. डिस्चार्जच्या कागदावर स्पीच थेरपीची एक ओळ होती, म्हणून आम्ही सहा वेळा गेलो. मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्याखाली आरतीला सगळे उभे राहिले, घुमट हे मातीचं चामडं लावलेलं वाद्य वाजायला लागलं, आणि खुर्चीत बसलेल्या बाबांनी वरच्या पट्टीत सूर लावला. एक शब्द चुकला नाही. आई तिथंच खाली बसली. माझ्या भावाने व्हिडिओ काढला, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या नातेवाइकांकडे पोचला.

थेरपीसाठी जायचो तिथं मी फोन केला. काउंटरवरच्या व्यक्तीने विचारलं, "गातात ना? मग येईल आपोआप. गरज वाटली तर या." थेरपिस्टशी बोलायला दिलं नाही, पुढची तारीखही दिली नाही. त्या एका वाक्यावर आम्ही पाच महिने बसून राहिलो. आजही तो फोन आठवला की माझा जीव जळतो. पण खरं सांगायचं तर आम्हाला तेच ऐकायचं होतं. जायला-यायला अर्धा दिवस जायचा, माझी रजा संपत आली होती, आणि तिथं त्यांच्यापुढे हिंदी नावांची चित्रं धरायचे. घरात कोकणी बोलणारा, मराठीत गाणारा माणूस त्या 'सेब'कडे बघून मान फिरवायचा.

त्या पाच महिन्यांत आम्ही त्यांना गायला लावलं. पाहुणा आला की, "बाबा, तो अभंग म्हणा." ते म्हणायचे. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आम्हाला बरं वाटायचं. नोव्हेंबरात एका संध्याकाळी असेच माझे मामा येऊन गेले. बाबांनी दोन अभंग म्हटले. मामा गेल्यावर ते स्टुलाकडे बघून 'ता… ता…' करायला लागले. मी चष्मा दिला, बाजूला ठेवला. पेपर दिला, खाली टाकला. मग मी म्हटलं, "बाबा, गाऊन सांगा ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि खरंच सूर लावला. पण तोंडातून आला तो मघाचाच अभंग. अर्ध्यावर त्यांना कळलं की हे आपल्याला म्हणायचं नव्हतं. ते थांबले आणि डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर मारत राहिले. त्यांना पाणी हवं होतं. तांब्या स्टुलाच्या मागे, जमिनीवर होता.

त्या दिवशी मला कळलं की गाणं येणं आणि बोलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठ असलेलं गाणं स्वतःचे शब्द घेऊन येतं, माणसाला त्या क्षणी हवा असलेला शब्द त्यात नसतो.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण घरच्यांना पटवताना उपयोगी पडेल. बहुतेक माणसांच्या मेंदूत शब्द जुळवून उच्चारायचं काम डाव्या बाजूचा पुढचा भाग करतो. पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने १८६१ मध्ये 'टॅन' एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूत तिथली इजा दाखवली, म्हणून त्या भागाला आजही त्यांचं नाव आहे. उजवं अंगही मेंदूची डावी बाजूच चालवते, म्हणून उजवा हात आणि वाचा पुष्कळदा एकदमच जातात. गाताना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात. शिवाय आरती, पाढे, वारांची नावं, नमस्कार, अगदी शिवीसुद्धा, ही वर्षानुवर्षं घोटून एकसंध गाठोड्यासारखी झालेली असतात, ती शब्द शब्द जुळवून म्हणावी लागत नाहीत. आमचे बाबा बेचा पाढा धडाधड म्हणायचे, पण "गोळ्या किती?" विचारलं तर 'दोन' येत नव्हतं. 'एक' पासून मोजत 'दोन'पर्यंत यायचे आणि थांबायचे. स्वीडनमध्ये १७४५ मध्ये असाच एक रुग्ण नोंदवलेला आहे, बोलता न येणारा पण प्रार्थनागीतं गाणारा. म्हणजे तुमच्या वडिलांचं जे झालंय ते नवल नाही आणि बरं झाल्याची खूणही नाही. मात्र ती वाट उघडी आहे, आणि तिचा उपयोग करून घेता येतो.

तो उपयोग कसा करायचा हे आम्हाला फेब्रुवारीत, दुसऱ्या ठिकाणच्या थेरपिस्टबाईंनी शिकवलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आरती देवासमोर म्हणू दे, माझ्यासमोर नको." या पद्धतीला मेलोडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात, बोस्टनच्या डॉक्टरांनी ती १९७३ मध्ये मांडली. गाणं शिकवायचं नसतं, रोजच्या गरजेचं छोटं वाक्य दोन सुरांवर म्हणायचं असतं. बोलताना आपण जिथं जोर देतो ते अक्षर वरच्या सुरावर, बाकीची खालच्या. आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका.

आमचं पहिलं वाक्य होतं 'पेज जाय', कोकणीत 'पेज हवी'. सकाळी दहाला त्यांना तांदळाची पेज लागतेच, म्हणून तेच निवडलं. मी पेटीवर काळी एकचा सा धरायचे आणि वरचा सूर पांढरी तीन, म्हणजे कोमल गंधार. त्यांचा डावा हात माझ्या हातात घेऊन टेबलावर ठोका द्यायचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग मी अर्ध्यावर गप्प व्हायचं, मग त्यांनी एकट्याने, आणि शेवटी मी विचारायचं, "बाबा, काय पाहिजे?" बाबा गाणारे असल्यामुळे वेगळीच अडचण आली. दोन सूर मिळाले की ते तिसरा शोधायचे, 'जाय'वर आलाप घ्यायचे, आणि आलापात वाक्य हरवायचं. थेरपिस्टबाईंनी पेटी बंद करायला लावली, ठोका तेवढा ठेवला. मग जमायला लागलं. सोळाव्या की सतराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून टेबलावर ठोके ऐकू आले आणि 'पेज जाय'. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं आणि मी समोरही नव्हते.

इथं एक मतभेद सांगायला हवा. काम सूर करतो की ताल, यावर संशोधकांचं एकमत नाही. जर्मनीत १७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात चालीपेक्षा लय आणि ओळखीचे शब्द जास्त उपयोगी पडलेले दिसले. आमच्या घरातला अनुभवही तालाच्याच बाजूने आहे. त्यामुळे वडील गाणारे नसले, बेसूर असले तरी 'आम्हाला गाणं येत नाही' म्हणून हे टाळू नका. आणि जी वाक्यं घोटून घ्याल ती सुधारतात, पण त्यावरून बाकीचं सगळं बोलणं सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हणून तर वाक्यं निवडून घ्यायची. आमच्या यादीत पाणी, पेज, 'दुखता' (दुखतंय), 'पंखो लाय' (पंखा लाव), आईचं नाव आणि 'राव मरे' (थांब रे) होतं. शेवटचं मी घातलं, कारण त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी सगळे तोंडात शब्द कोंबायचे. हा शब्द त्यांनी सगळ्यात जास्त वापरला.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. चित्रं, कार्डं, वाक्यं घरच्या भाषेत मागून घ्या. नाही म्हणाले तर स्वतः बनवून न्या. मी वहीच्या पुठ्ठ्यावर तांब्या, पेजेची वाटी, पंखा काढून नेला होता. गोव्यात आपण बोलतो एका भाषेत, भजन म्हणतो दुसऱ्या, कागद भरतो तिसऱ्या. आजारी माणसावर चौथीचं ओझं कशाला?

आता दिवसभर भजनं लावण्याबद्दल. ऐकण्याचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. हेलसिंकीत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्ट्रोकच्या रुग्णांना दोन महिने रोज निदान एक तास त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं. गोष्टींच्या ध्वनिफिती ऐकणाऱ्यांपेक्षा आणि काहीच न ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता जास्त सुधारली, मन खचण्याचं प्रमाणही कमी राहिलं. पण यात 'त्यांच्या आवडीचं' हे महत्त्वाचं. आमच्याकडे एका हितचिंतकाने 'मेंदू जागवणाऱ्या लहरी' भरलेला पेन ड्राइव्ह विकत आणून दिला होता. तीन आठवडे तो घरात घूं घूं करत होता आणि बाबा चिडचिडे झाले. ते बंद करून गायिका केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणं लावली. केसरबाई आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानातून पाठवलेल्या तबकडीवर त्यांचा आवाज आहे, हे बाबा आम्हाला लहानपणापासून सांगत आलेले. नाव घेता येत नव्हतं, पण एकदा फोनने मधेच दुसऱ्याच गायिकेचं गाणं सुरू केलं तेव्हा त्यांनी लगेच बोट वर केलं आणि मान हलवली. त्या दिवशी मी त्यांच्याशी लहान मुलासारखं बोलणं बंद केलं.

तर सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, त्यांना विचारून, स्पीकरवर. बाकी वेळ घर शांत ठेवा. कुणी त्यांच्याशी बोलत असेल तेव्हा टीव्ही आणि गाणं दोन्ही बंद, कारण आवाजाच्या गर्दीत त्यांना शब्द वेचायला आपल्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. जेवताना गायला लावू नका, ठसका लागतो, आणि गिळायला त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.

बाकी किरकोळ. चालायचा सराव करताना ठरावीक ठोक्यावर पावलं टाकली तर चाल सुधारते, पण फिजिओला विचारून आणि कुणीतरी शेजारी धरून. घुमट हातात देऊ नका, आमच्या काकांनी प्रेमाने दिला होता. घुमटाला दोन्ही हात लागतात, एक कातड्यावर आणि एक मागच्या तोंडावर. दुबळा हात साथ देईना तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. आणि खिशात एक कार्ड ठेवा: 'मला सगळं समजतं. बोलायला वेळ लागतो.' एका कार्यालयात खिडकीपलीकडच्या माणसाने बाबांना नाव विचारलं, ते मांडीवर ठोका धरून जुळवत होते, आणि तो माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "यांना ऐकू येत नाही का?" त्यानंतर कार्ड केलं.

सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, नंतरही होते पण हळू. आमचे तेच महिने गेले. वेळेवर गेलो असतो तर आज बाबा किती बोलले असते हे मला कधीच कळणार नाही. तुमचे अजून सातच आठवडे झालेत.

चवथ जवळ आली आहे. वडील आरती म्हणतील, म्हणू द्या, तुम्हीही पोटभर ऐका. व्हिडिओ काढालच. तो नातेवाइकांना पाठवण्याआधी थेरपिस्टना दाखवा आणि सरळ विचारा, "याचा उपयोग करून 'पाणी' कसं म्हणायला शिकवायचं?" जाताना त्यांना दिवसभरात लागणाऱ्या दहा गोष्टी घरच्या बोलीत लिहून न्या. ती यादी इथं टाकलीत तर कुठल्या अक्षरावर ठोका जोरात द्यायचा, ते मी आमच्या अनुभवावरून सांगेन.