पांढरा पडलेला फ्लास्क

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तो फ्लास्क अजून सिंकमध्ये ओतला नसशील, तर ओतू नकोस. युग्लीनाच्या, म्हणजे पोहणाऱ्या हिरव्या एकपेशीय जिवाच्या, कल्चरमधले जिवाणू मारायला तू स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक घातलंस, हिरवं पाणी पांढुरकं झालं आणि तू लिहून मोकळी झालीस, ‘मेलं सगळं.’ स्लाइडवर एक थेंब घेऊन पाहिलास का? पोहत असतील बघ. शिकत असताना मी असाच एक फ्लास्क न बघता फेकला होता, म्हणून ही घाई.

१९४८ साली प्रोव्हासोली, हटनर आणि शॅट्झ यांनी हेच नोंदवलं होतं: युग्लीना जिवंत, वाढतेय, पण पिढ्यान्‌पिढ्या बिनरंगी. (हा शॅट्झ म्हणजे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढणारा तोच.) हरितलवकाचं, म्हणजे पेशीतल्या प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या हिरव्या भागाचं, मूळ सायनोबॅक्टेरियात, प्रकाशावरच जगणाऱ्या जिवाणूंत आहे. त्याचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, अजूनही जिवाणूंच्या घराण्यातले, ७०एस (हे आकारमानाचं माप). भोवतालच्या पेशीद्रवातले ८०एस. औषध ७०एसला धरतं, मग तो कुणाच्याही घरातला असो. पेशी विभागत राहते, हरितलवक मागे पडतं आणि शेवटी वाट्याला येईनासंच होतं. तुझ्या माध्यमात सेंद्रिय अन्न होतं म्हणून ती तगली; नुसत्या क्षारांच्या पाण्यात उपाशी मेली असती.

पण थांब. अंधारात वाढवलेली युग्लीनाही फिकट पडते आणि उजेडात आणली की साधारण तीन दिवसांत पुन्हा हिरवी होते. तुझा फ्लास्क कपाटात राहिला नव्हता ना? थोड्या पेशी औषध नसलेल्या ताज्या माध्यमात घे, उजेडात ठेव. शेजारी औषध कधीच न घातलेला, पण अंधारात वाढवलेला एक फ्लास्क हवाच. तो हिरवा झाला आणि तुझा चार-पाच पिढ्यांनंतरही पांढराच राहिला, तर बोलू.

क्लॅमिडोमोनस या दुसऱ्या एकपेशीय हिरव्या शैवालावर हाच प्रयोग करायचा मोह होईल. तीही अंधारात ॲसिटेटवर जगते, पण हरितलवकाचा जनुकसंच सोडत नाही. तिच्यातली गंमत वेगळी आहे. १९५४ मध्ये रूथ सेगर यांना स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारे काही उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले वाण, मिळाले. तिच्या संकरातून चार संतती निघतात; मेंडेलच्या हिशेबाने त्यांतल्या दोघांत तो गुण यायला हवा होता. पण तो एका विशिष्ट पालकाकडून आला तर चारही संततींत उतरायचा, दुसऱ्याकडून आला तर एकीतही नाही. त्यावर पुढच्या पत्रात.

तोवर वहीतलं ‘मेलं’ खोडून ‘पांढरं’ एवढंच लिही. आणि औषधाची मात्रा किती होती? पत्रात ती कुठेच नाही.

तुझा,
सर