नणंदेला काय सांगू?

'भावाच्या लग्नासाठी नागपूरच्या बाजारातून १,८०० रुपयांत लुई व्हिटॉनची फर्स्ट कॉपी पर्स घेतली. पुण्याच्या नणंदेनं विचारलं, ओरिजनल आहे का? मी हो म्हणून बसले, सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणाले. आता ती पैसे पाठवते, मलाही आण म्हणते. बचत गटातल्या बायाही मागून राहिल्या. घरचे म्हणतात, डुप्लिकेट माल कायले मिरवते? मी गुन्हा केला का?'
– दारव्हा तालुक्यातली वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी भीती काढते. स्वतःपुरती एक पर्स घेतली म्हणून पोलीस दारात येत नाहीत. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात शिक्षा आहे ती खोटं चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला: ६ महिने ते ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. म्हणून गटासाठी दहा पर्सा आणायच्या आणि प्रत्येकीमागे शंभर रुपये सुटतील, असा हिशेब मांडला असशील तर तो आजच पुसून टाक. गटाला पर्सा विकायच्याच असतील तर एक दिवस वर्ध्याचं मगन संग्रहालय बघून या. १९३८ पासूनची जागा आहे ती, खादीचं आणि नैसर्गिक रंगांचं काम तिथं बघायला मिळेल.

तुझ्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. खरी पर्स लाखाच्या घरात जाते, आणि भावाच्या लग्नात आपणही चारचौघींत उठून दिसावं असं कोणाला वाटत नाही?

पण घरच्यांचं बोलणं अगदीच सोडून देऊ नकोस. आपल्याकडं बोगस बियाण्याचं दुःख कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पाकिटावर नाव मोठ्या कंपनीचं, आत भलतंच, आणि कळतं तेव्हा पेरणीची वेळ निघून गेलेली. शेतकरी फसतो, कारण त्याला ठाऊक नसतं. तुला ठाऊक होतं, तू फसली नाहीस. नणंदेला मात्र ठाऊक नाही. तिनं पैसे पाठवले की ती त्या शेतकऱ्याच्या जागी, आणि पाकीट विकणारी तू. मला काळजी वाटते ती याची.

शिवाय लुई व्हिटॉन सेल लावतच नाही. पुण्यात कोणी ना कोणी तिला हे सांगेलच. त्याआधी तूच सांग. पैसे यायच्या आत, आज रात्रीच फोन कर. लांबण लावू नकोस: 'ताई, त्या दिवशी मी खोटं बोलली. पर्स कॉपी आहे, अठराशेची. सगळ्यांसमोर लाज वाटली म्हणून हो म्हणून गेली. तुम्ही पैसे पाठवू नका.'