टोकियोतले शेवटचे दोन दिवस: उएनोला मुक्काम कर

परतीच्या आधी सगळं टोकियो उरकायचा हट्ट सोड. मुक्काम उएनोजवळ ठेव. तिथून केइसेई कंपनीची स्कायलायनर ही रेल्वे थेट नारिता विमानतळावर नेते, त्यामुळे शेवटच्या दिवशी धाकधूक राहत नाही.

असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात मात्र भल्या सकाळी जाच. मंदिराकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीतली दुकानं तेव्हा बंद असतात, पण त्यांच्या शटरवर रंगवलेली चित्रं त्याच वेळी दिसतात, आणि धक्काबुक्की नसते. पुढे चालतच काप्पाबाशी गाठ. भांडी, सुऱ्या, हॉटेलांच्या काचेत मांडतात ते खोटे पण हुबेहूब पदार्थ, सगळं तिथे मिळतं. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेवढं बघ. सुरी घेतलीस तर चेक-इन बॅगेतच टाक.

शिंजुकूला एकच संध्याकाळ दे: महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावरून शहर फुकटात बघता येतं.