कोच गेला, आणि पोरगं जेवंना

"ताई, घरातलं कुणी गेलं असतं तर समजून घेतलं असतं. हे पोरगं एका गोऱ्या कोचपायी चार दिस झाले जेवंना, बोलंना. काय लागतो तो आपला?"

२०२३ चा नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच उरकली होती. परभणीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत समोर बसलेल्या या वडिलांच्या आवाजात राग थोडा आणि धास्ती जास्त होती. त्यांचं बी-बियाणं-खताचं दुकान, गावाकडे कापूस. वेचणी ऐन भरात, माणसं मिळत नाहीत, आणि १९ वर्षांचा मुलगा दिवसभर गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला. आईनं ताट वर नेलं की तसंच खाली यायचं.

त्यानंतर हाच प्रश्न मला बऱ्याच आईवडिलांनी विचारला. खेळ वेगळा, माणूस वेगळा, पण सूर तोच: जो आपल्या पोराला ओळखतसुद्धा नाही, त्याच्यासाठी एवढं रडायचं? पोरगं ठीक आहे ना? म्हणून ही केस त्या दोघांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी झालं काय होतं ते सांगते. मुलगा मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबचा चाहता. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, मैदान बंद, तेव्हा रोज रात्री इंडियन सुपर लीगचे सामने बघायची सवय लागली. आपल्या राज्याचा संघ म्हणून मुंबई धरली आणि त्याच हंगामात, मार्च २०२१ मध्ये, बिपिन सिंगनं ९० व्या मिनिटाला गोल मारून संघाला करंडक जिंकून दिला. पुढच्या हंगामाआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, डेस बकिंगहॅम हा इंग्रज कोच आला. त्याच्या हाताखाली एप्रिल २०२२ मध्ये मुंबईनं रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. २०२२-२३ मध्ये सलग १८ सामने हार नाही, ५४ गोल, ४६ गुण आणि साखळीत अव्वल राहणाऱ्याला मिळणारी लीग शील्ड. हे आकडे मी मुलाच्या वहीत बघून लिहीत असले तरी तो ते पाढ्यासारखे म्हणायचा. आणि मग २०२३ च्या नोव्हेंबरात, हंगाम अर्ध्यावरही आलेला नसताना, बकिंगहॅम मुंबई सोडून इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी विचारलं, "घरी काही झालंय का? कॉलेजात? कुणाशी भांडण, प्रेमात काही?" आमच्या कामात ही खोड लागते. समोरचा जे सांगतो त्याच्या खाली दुसरं काहीतरी दडलेलं असणार, असं धरून आपण उकरायला लागतो. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, सगळे हेच विचारायलेत. दुसरं काहीच नाही. कोच गेला. एवढंच झालंय."

त्या "एवढंच"मध्ये तो किती एकटा पडला होता ते मला तेव्हा ऐकू आलं. मी त्याची माफी मागितली आणि म्हटलं, मग कोचबद्दल सांग.

तो दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. प्रत्येक सामन्याला एक पान. निळ्या पेनानं आपले अकरा, लाल पेनानं समोरचे अकरा, बाण, गोल कुठून झाला, बदली खेळाडू कोणत्या मिनिटाला आणला आणि खाली एक ओळ: "सरांनी असं का केलं असेल?" उत्तर सुचलं की त्या ओळीखाली लिहायचा, कधी आठवड्यानं. बेंगळुरूविरुद्धचा उपांत्य सामना मुंबई पेनल्टीवर ८-९ अशी हरली, त्या पानावर शाई फुटली होती. मी त्याबद्दल विचारलं नाही.

शेवटचं भरलेलं पान ६ नोव्हेंबरचं. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर सौदीच्या अल-हिलाल क्लबविरुद्धचा सामना. हा देवगिरी एक्सप्रेसच्या जनरल डब्यात दोन मित्रांबरोबर, दाराशी उभा राहून गेला होता. त्यांच्याकडून ब्राझीलचा नेमार खेळणार म्हणून तिकीट काढलेलं, आणि नेमार ऑक्टोबरमध्येच जखमी होऊन बाहेर. तरी हे गेले. मुंबई ०-२ हरली. "हरलो, पण मी सरांना बघितलं. एवढे लांब होते," असं म्हणून त्यानं अंगठा आणि बोट यांच्यात उडदाच्या दाण्याएवढं अंतर धरून दाखवलं. पुढची पानं कोरी होती.

मग त्यानं मोबाइलवर एक आवाज ऐकवला. स्वतःचाच. बातमी आली त्या रात्री चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला. सगळे "गद्दार, गद्दार" करत होते आणि यानं त्या सगळ्यांच्या वरताण, आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या. पन्नास-साठ पोरांनी हसून त्याला दाद दिली होती. ऐकवताना त्याचे कान लाल झाले. "मी असं बोलत नाही, मॅडम. कुणालाच बोलत नाही. ज्यांच्यासाठी वही लिहिली त्यांना बोललो."

इथं मला खरी गाठ सापडली, आणि ती त्यानं स्वतःच उघडून दाखवली होती. दुःख होतंच. पण घास उतरत नव्हता तो शरमेनं. चाहत्यांच्या गर्दीत राग हाच एक परवाना असतो. रडलास तर हसतील, शिवी दिलीस तर टाळ्या मिळतील. पोरं मग रडू शिवीत घालून बाहेर काढतात, आणि रात्री एकटं पडल्यावर ती शिवी परत अंगावर येते. महाराष्ट्रात मागच्या काही वर्षांत "गद्दार" हा शब्द इतका स्वस्त झाला आहे की आपलं एखादं जवळचं माणूस दूर गेलं, तरी पोरांना दुसरा शब्दच सुचत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

वडिलांना मी दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाशी आपलं नातं जुळतं, एका बाजूनं का होईना, हे काही मोबाइलमुळं आलेलं वेड नाही. टीव्ही नवा होता तेव्हाच, १९५६ मध्ये, हॉर्टन आणि वोल या अमेरिकी अभ्यासकांनी त्यावर लिहून ठेवलं आहे. दुसरी गोष्ट केनेथ डोका यांची, १९८९ मधल्या मांडणीतली: ज्या दुःखाला चारचौघांत जागा नसते, ज्यासाठी कुणी भेटायला येत नाही, ते दुःख माणसाला जास्त पोखरतं. "तुमच्या पोराला सुतक आहे," मी म्हटलं, "पण घरात कुणी ते धरलेलं नाही."

वडील गप्प बसले. मग आपणहून म्हणाले, "पाचवीला होतो मी. आमच्या गुरुजींची बदली झाली. येष्टीच्या टपावर त्यांची ट्रंक चढवली तेव्हा सगळं गाव फाट्यावर गेलं होतं. मी गाडीमागं पळालो, पार ओढ्यापर्यंत." थोडं थांबून म्हणाले, "पण ते आमचे गुरुजी होते, ताई. मला हाताला धरून लिहायला शिकवलं त्यांनी."

"याची वही बघा एकदा," एवढंच मी म्हटलं. त्यांनी ती त्याच रात्री मागून घेतली. फुटबॉलातलं त्यांना काही कळत नाही, पण दुकानाची खातेवही तीस वर्षं लिहिणाऱ्या माणसाला नेटकं लिहिलेलं पान कळतं. मुलगा पुढच्या भेटीत म्हणाला, "बाबांनी एकेक पान बघितलं. काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चल जेवू." त्या दिवशी तो जेवला.

माझं काम मात्र संपलं नव्हतं. अशा वेळी मी काही गोष्टी विचारल्याशिवाय राहत नाही. झोप किती? जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का? सामन्यांवर पैसे लावतोस का? हा शेवटचा प्रश्न आईवडील विसरतात आणि मी कधीच विसरत नाही, कारण खेळाच्या दुःखामागे कधी कधी कर्ज दडलेलं असतं. इथं तसं काही नव्हतं. झोप तुटत होती, पण लागत होती. दोन आठवड्यांच्या वर असंच चाललं, अभ्यास-आंघोळ सुटली, मरणाचं बोलणं आलं, तर मात्र "खेळाचंच आहे, उतरेल" म्हणून थांबू नये. जवळचे मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत, नाहीतर १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन लावावा. तिथं मराठीत बोलता येतं.

त्याला मी एक काम दिलं. वहीतल्या पहिल्या कोऱ्या पानावर सरांना लिही. पाठवायचं नाही. त्याला आठ दिवस लागले. परवानगी घेऊन त्यातलं थोडं देते:

"सर, त्या रात्री मी जे बोललो ते माझ्या तोंडचं नव्हतं. मला माफ करा. पण तुम्ही हंगाम पुरा करून जायला पाहिजे होतं. आम्ही परभणीहून उभ्यानं आलो होतो. तुम्हाला माहीत नव्हतं, पण आम्ही आलो होतो."

माफी आणि तक्रार शेजारी शेजारी. मी दोन्हीपैकी एकही ओळ खोडायला सांगितली नाही. तक्रार खरी होती. क्लबला नुकसानभरपाई मिळते, कराराची कलमं असतात, पण जनरल डब्यात उभ्यानं आलेल्या माणसाला ऐन हंगामात काय मिळतं? त्याचा राग मूर्खपणाचा नाही. इंग्लंडमध्ये मोठी माणसंही असंच वागतात, हे मला त्याच्याकडूनच कळलं. ग्रॅहम पॉटर हा कोच २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रायटन क्लब सोडून चेल्सीला गेला. ऑक्टोबरअखेर तो चेल्सी घेऊन ब्रायटनच्या मैदानावर आला, तेव्हा ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच त्याची हुर्यो उडवली, आणि ब्रायटन ४-१ जिंकलं. हे ऐकून वडिलांना फार बरं वाटलं. आपलंच पोरगं जगावेगळं नाही, एवढं त्यांना हवं होतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत तो आला तो बोलतच. "मॅडम, ऑक्सफर्ड त्यांचं गाव आहे. जन्म तिथला. तिथल्याच पोरांना आधी शिकवत होते." आणि मग आणखी: ऑक्सफर्डचा आधीचा कोच लियाम मॅनिंग त्याच महिन्यात ब्रिस्टल सिटीनं नेला होता, म्हणून ऑक्सफर्डनं मुंबईकडं हात घातला. "म्हणजे तिकडची पोरं पण आमच्यासारखीच बसली असतील ना गच्चीवर? बदल्यांची साखळीच आहे ही." तिथून तो आणखी मागं गेला. बकिंगहॅमच्या आधीचा मुंबईचा कोच सर्जिओ लोबेरा हा स्पॅनिश माणूस त्याआधी एफसी गोवा क्लबचा कोच. गोव्यानं त्याला २०२० च्या सुरुवातीला काढलं, तो मुंबईला आला आणि मागोमाग जाहू, बुमू, फॉल, मंदार राव देसाई हे गोव्याचे मोहरेही आले. "तेव्हा मी नाचलो होतो," तो हळू आवाजात म्हणाला. "गोव्याच्या पोरांचं मनात पण आलं नाही."

यातलं जन्मगावाचं मला पहिल्या दिवशीच शोधून सांगता आलं असतं. चांगला मुद्दा आहे, पालक असेच मुद्दे घेऊन बसतात: त्याचं करिअर आहे, त्याचं घर तिकडं आहे, तू समजून घे. पण रडणाऱ्याला पहिल्या दिवशी दिलेलं कारण थपडेसारखं लागतं. तेच कारण त्यानं स्वतः शोधून आणलं तेव्हा औषधासारखं लागलं. म्हणून मी आईवडिलांना म्हणते, पोराला कोचची बाजू पटवू नका. दुसरा क्लब धर, असं तर मुळीच म्हणू नका. मोबाइल काढून घेऊ नका. ताट वर पाठवण्यापेक्षा एखाद दिवस तुम्हीच ताट घेऊन गच्चीवर जा आणि "कोण होता तो, सांग बरं" म्हणून विचारा.

त्या ग्रुपवर त्यानं पुढं एकच वाक्य टाकलं: "मी त्या दिवशी बोललो ते चुकलं." दोघांनी अंगठा दाखवला, एकानं चिडवलं, बाकी कुणी काही बोललं नाही. त्याला ते पुरलं.

डिसेंबरात पेटर क्राटकी हा चेक कोच आला. वहीत पानं पुन्हा भरायला लागली, पण खालची ती ओळ, "सरांनी असं का केलं असेल?", बरेच दिवस आली नाही. मी विचारलं तर म्हणाला, "त्यांना अजून सर म्हणवत नाही."

४ मे २०२४ ला कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या मैदानावर, मुंबईनं मोहन बागानला ३-१ हरवून करंडक जिंकला. त्या रात्री त्याचा मेसेज आला, नुसता वहीच्या पानाचा फोटो. सगळ्यात खाली ती ओळ होती.

दोन आठवड्यांनी, १८ मे ला, वेम्बलीवर बकिंगहॅमच्या ऑक्सफर्डनं बोल्टनला २-० हरवलं आणि २५ वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत पाऊल ठेवलं. मी आता हे सगळं बघायला लागले होते, म्हणून या वेळी मीच त्याला विचारलं, बघितलास का सामना?

"पहिला गोल बघितला, मॅडम," तो म्हणाला. "लई भारी वाटलं. मग बंद केलं. अजून पूर्ण नाही बघवत."