गाडीचं दुखणं : प्लग पुन्हापुन्हा काळा का पडतो?

प्रश्न : वडिलांची 1982ची बजाज चेतक आम्ही जपून ठेवली आहे. आठवड्यातून दोनदा मी ती सहकारनगरातून मंडईपर्यंत नेतो. पण महिना-दीड महिन्यात इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काळा पडतो. स्कूटर आडवी करा, किका मारा, काही उपयोग नाही. प्लग बदलला की चार दिवस बरे जातात. तीन कंपन्यांचे लावून झाले. वडील म्हणतात, ‘मायकोचाच आण’. दुकानदार म्हणतो, मायको बंद झाली. भरवशाचा प्लग कोणता?
– वाचक, सहकारनगर

उत्तर : वडिलांना सांगा, मायको कुठेही गेलेली नाही, फक्त नाव बदललंय. बंगळुरूची ती 1951 सालची कंपनी 2008पासून बॉश नावाने चालते. तेव्हा बॉशचा घ्या किंवा एनजीकेचा घ्या, दोन्ही चांगले. पण तीन कंपन्यांचे प्लग एकसारखे काळे पडले, म्हणजे दुखणं प्लगचं नाही. प्लग बिचारा सांगतोय, आपण त्यालाच फेकून देतोय.

पुढचा प्लग काढाल तेव्हा उजेडात धरून बघा. काजळी कोरडी आहे, बोटाला भुकटीसारखी लागते? मग पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर काढून धुवा, चोक पूर्ण मागे जातो का ते पाहा. प्लग तेलाने ओला दिसला तर तेलाचं माप तपासा. या स्कूटरला पेट्रोलच्या लिटरमागे 20 मिली टू-टी, म्हणजे पेट्रोलात मिसळायचं तेल, पुरतं. आपल्या वडिलांच्या पिढीला ‘इंजिनाला बरं’ म्हणून थोडं जास्त ओतायची सवय असते. मायेपोटीच ओततात, पण प्लग गुदमरतो. माप बरोबर असूनही प्लग ओला, मागून पांढरा धूर, आणि गिअरबॉक्समधलं ऑइल हळूहळू कमी होतंय, असं असेल तर क्लचकडच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलंय. गिअरचं तेल आत ओढलं जातं. मग जगातला कुठलाही प्लग टिकणार नाही. आधी सील बदला.

आता तुमच्या मंडईच्या फेरीविषयी. प्लगचं टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, की त्यावरची काजळी आपोआप जळते. 850 अंशांच्या वर गेलं, की ते निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटवतं आणि पिस्टनला धोका होतो. या दोन आकड्यांच्या मध्ये प्लग राहिला पाहिजे. तुमची फेरी तीन-चार किलोमीटरची, वाटेत सिग्नल, गाडी बहुतेक दुसऱ्या गिअरात. टोक तापायच्या आत तुम्ही भाजी घेताय! रविवारी सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन या, टॉप गिअरात, सलग. वडिलांना मागे बसवता आलं तर फारच छान. परतताना टॉप गिअरात असतानाच इंजिन बंद करा, क्लच दाबून गाडी कडेला घ्या आणि प्लग थोडा निवू देऊन काढा. आतलं पांढरं चिनीमातीचं टोक दुधाळ कॉफीच्या रंगाचं दिसलं तर इंजिन निरोगी आहे.

एवढं करूनही शहरात काळाच पडत असेल, तर एक पायरी गरम प्लग, म्हणजे ज्याचं टोक जास्त तापतं असा, लावा. इथे बरेच मेकॅनिकसुद्धा फसतात. एनजीकेमध्ये प्लगवर छापलेला आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. म्हणजे एनजीकेचा सात सोडून सहा लावणं, हे बॉशच्या भाषेत आकडा वर नेणं आहे. आणि लोणावळ्यासारख्या लांबच्या, सलग वेगाच्या प्रवासाला निघालात तर पुस्तिकेतल्या मूळ आकड्याचा प्लग परत लावा. गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, 0.6 मिमी, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). नजरेने नको, माझीही नजर चुकते.

प्लग वाळूच्या मशिनवर साफ करून घेऊ नका. वाळूचा कण खाचेत अडकतो आणि सिलेंडरमध्ये उतरतो. पेट्रोल आणि जुना टूथब्रश पुरे.

प्रश्न : ब्रश कटरचा प्लग गेला. पौडच्या दुकानदाराने दिलेला नवा प्लग बसतो, पण आटे थोडे लांब आहेत. चालेल का? भाताच्या बांधावरचं गवत कंबरेला आलंय.
– वाचक, मुळशी

उत्तर : नाही चालणार. मशीन सुरू केलं नसेल तर करू नका.

जाडी एकच, 14 मिमी. म्हणून प्लग बसतो आणि माणूस फसतो. आट्यांची लांबी मात्र वेगवेगळी असते. अनेक ब्रश कटरना 9.5 मिमी, चेतकसारख्या स्कूटरला 12.7, आणि पुष्कळ जनरेटर-पंपांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना 19. मी सोळा वर्षांचा असताना शुक्रवार पेठेतल्या एका गॅरेजात मदतनीस होतो. एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरला मी लांब आट्यांचा प्लग बसवला. पहिल्या किकेलाच ‘टक्’ असा आवाज आला. पिस्टनने प्लगचं टोक वाकवलं होतं. तो आवाज मला अजून आठवतो. आखूड प्लगही चांगला नाही. उरलेल्या आट्यांत काजळी जमते आणि पुढे योग्य प्लग घालताना आटे खराब होतात.

जुना प्लग खिशात घालून पुन्हा जा. त्यावरची सगळी अक्षरं जुळली पाहिजेत, फक्त आकडा नव्हे. एनजीकेमध्ये 14 मिमीच्या जनरेटर-पंपांवर बहुधा बीपीआर6ईएस दिसतो. त्यातला ‘ई’ म्हणजे 19 मिमी लांबी. ‘एच’ म्हणजे 12.7. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर. मल्टिमीटर लावला तर अशा प्लगवर पाच हजार ओमच्या आसपास दिसलं पाहिजे. ‘आर’ छापलंय आणि मीटर शून्य दाखवतोय, तर माल नकली आहे, परत करा.

प्रश्न : काकांची यामाहा आरएक्स 100 मोटारसायकल मला मिळाली आहे. मित्र म्हणतात इरिडियम प्लग लाव, पिकअप वाढेल.
– वाचक, कोथरूड

उत्तर : पिकअप वाढणार नाही, बाळा. इरिडियम 2446 अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून बारीक टोक झिजत नाही आणि चारचाकीत तो फार वर्षं टिकतो. तुझी आरएक्स टू-स्ट्रोक आहे, तिच्यात पेट्रोलबरोबर तेलही जळतं, म्हणून प्लग झिजण्याआधी तेलाने माखतो. महागडा प्लगही तसाच माखणार. साधा निकेलचा घे, नाना पेठेतल्या बिल देणाऱ्या दुकानातून, आणि एक जास्तीचा प्लग पान्यासकट डिकीत ठेव. बसवताना इंजिन थंड हवं. बोटांनी शेवटपर्यंत फिरव, मग पान्याने अर्धा फेरा. वॉशर वापरलेला असेल तर अर्धाही नको, जेमतेम बारावा भाग. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर नव्या आट्यांचा बुश मारावा लागेल.