चेतना, मेंदू आणि ‘बाहेरचं’: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जळगावच्या माझ्या ओपीडीत फिटच्या गोळ्यांइतकीच चर्चा आत्म्याची होते. पत्रांतही तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देतो.

रेडिओ बिघडला म्हणून आकाशवाणी बंद पडत नाही. तसा मेंदू हा नुसता संच आहे आणि चेतना बाहेरून येते, असं का मानू नये? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

माना, पण दाखला पुरता लागू पडत नाही. रेडिओ बिघडला की खरखर होते, बातम्या देणाऱ्याचा स्वभाव बदलत नाही. कपाळामागच्या मेंदूला मार बसला, तर शांत माणूस शिवराळ होऊ शकतो, काटकसरी माणूस उधळ्या होऊ शकतो. बायको येऊन सांगते, “हे आमचे हे नाहीतच.” भुलीच्या औषधाने जाणीव जाते, औषध उतरलं की परत येते. म्हणून माझा कल मेंदूकडे आहे.

तरीही पेशींमधल्या विजेच्या खेळातून ‘मला दुखतंय’ ही जाणीव कशी उमटते, ते अजून कुणालाच उलगडलेलं नाही. जाणिवेची मेंदूतली खूण पंचवीस वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी लावली होती. २०२३ मध्ये त्यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या दिल्या. तुमच्याच गावात प्रतापशेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, ते अशाच विचारमंथनासाठी. हा वाद तिथे जरूर घाला. घरातल्या कुणाचा स्वभाव अचानक बदलला असेल, तर मात्र आधी तपासणी.

मरताना वजन २१ ग्रॅमने कमी होतं, तोच आत्मा ना? (चोपडा)

नाही. अमेरिकेतल्या एका डॉक्टरने सहा रुग्णांवर केलेल्या, १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ढिसाळ प्रयोगातला तो एकाच रुग्णाचा आकडा आहे.

सासऱ्यांचं हृदय थांबलं होतं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, “मी वरून स्वतःला पाहिलं.” (पाचोरा)

ते खोटं बोलत नाहीत. पण २००२ मध्ये जिनिव्हात फिटच्या एका रुग्ण बाईच्या उजव्या मेंदूच्या एका बिंदूला हलका विद्युतस्पर्श केला, तेव्हा तिलाही आपण छताजवळून स्वतःला पाहतोय असं वाटलं. हृदय थांबलेल्यांच्या एका मोठ्या अभ्यासात फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं फळ्यांवर ठेवली होती. ती कुणालाच सांगता आली नाहीत. सासऱ्यांचं शांतपणे ऐकून घ्या, आणि हृदयाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मुलासाठी ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चा क्लास लावावा का? डोळे बांधून वाचता येतं म्हणतात. (धुळे)

पैसे वाया घालवू नका. मध्यमेंदू मुलाच्या जन्मापासून चालूच आहे. पट्टीखालून, नाकाच्या कडेने दिसतं. सगळ्यात वाईट म्हणजे पोर खोटं बोलायला शिकतं.

भाचा पहाटे पोटात दुखतं म्हणाला, मग पापण्या मिटल्या, हाकेला ओ देईना. गावात म्हणाले, “हाई बाहेरनं शे.” दोन तास भगताकडे गेले. पुढे व्हेंटिलेटरवर वाचला. आता म्हणतो, सगळं ऐकू येत होतं. आत्मा बाहेर राहून ऐकत होता का? (शेतकरी, शहादा तालुका)

आत्मा कुठेही गेला नव्हता. तुमचा भाचा बहुधा पूर्ण शुद्धीत होता. ही लक्षणं मण्यारच्या दंशासारखी आहेत, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नसते, दाताची खूण कित्येकदा दिसतही नाही. तिचं विष जाणीव घालवत नाही. मज्जातंतू स्नायूला हुकूम देतो तो सांधा ते बंद पाडतं. आधी पापण्या पडतात, मग गिळणं जातं, मग हातपाय, शेवटी श्वास. बाहुल्याही प्रकाशाला दाद देईनाशा होतात, त्यामुळे डॉक्टरसुद्धा फसू शकतो. आत माणूस जागा असतो. तो बायकोचं रडणं ऐकतो, तिरडीची बोलणी ऐकतो, आणि आपला श्वास अपुरा पडतोय हेही त्याला कळतं. अशा माणसाभोवती लिंबू उतरवत तास घालवतात, याचा मला संताप येतो. श्रद्धेशी माझं भांडण नाही. नवस नंतर फेडा, आधी गाडी काढा.

झोपेतून पोटदुखीने उठलेल्या माणसाच्या पापण्या जड होऊ लागल्या, की १०८ ला फोन करा. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. करकचून बांधू नका, चिरा देऊ नका. श्वास थांबला तर वाटेत तोंडाने श्वास देत राहा. अर्धांगवायूतही वेळेचं हेच गणित आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि भगताकडचा वेळ त्यातूनच वजा होतो.

आई कोमात आहे. तिच्याशी बोलावं का? (भुसावळ)

बोला. २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांच्या गटाने, अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला ‘टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर’ असं सांगितलं. स्कॅनमध्ये तिच्या मेंदूचा निरोगी माणसासारखाच भाग उजळला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सूचनेला बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाच्या मेंदूने सूचना पाळलेली दिसली. तुमच्या आईचं काय, ते तिला तपासणारे डॉक्टरच सांगू शकतील. कोमाचं कारण आणि ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे ते सांगणारा आकडा) त्यांना विचारत राहा. आणि खाटेशेजारी उभं राहून खर्चाची, वाटणीची बोलणी करू नका.