वावर ‘हायर’ होत नाही

प्रश्न : सर, माझा मुलगा बारावीला आहे. बाबा दुसऱ्याचं पाच एकर वावर मक्त्यानं करतात, हे त्यानं इंग्रजी निबंधात ‘हायर’ वापरून लिहिलं. मॅडमनं लाल रेघ मारली, कारण काही सांगितलं नाही. डिक्शनरीत हायर, रेंट, लीज, लेट सगळ्यांपुढे ‘भाड्याने’ एवढंच आहे. मग चुकलं काय?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, रेघ बरोबर आहे, पण नुसत्या रेघेनं पोराला काय कळणार!

आपण शिकतो ते इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. त्यात ‘हायर’ थोड्या वेळेच्या कामाला : पेरणीला ट्रॅक्टर, सोयाबीन काढायला थ्रेशर, लग्नाला मंडप. माणूस कामावर ठेवायलाही हाच शब्द. पाडव्याला सालदार ठेवता, ते हायर. अमेरिकन लोक मात्र गाडीसुद्धा ‘रेंट’ करतात.

वावराला ‘लीज’. मुदत आणि अटी ठरवून घेतलेली जमीन म्हणजे लीज, आणि मक्ता तसाच असतो. मुलाला लिहू द्या : ‘माय फादर लीजेस फाइव्ह एकर्स फ्रॉम अ नेबर.’ यातलं ‘फ्रॉम’ गाळू नका. लीज काय नि रेंट काय, दोन्ही शब्द दुतोंडी. देणाराही तेच म्हणतो, घेणाराही तेच. ‘फ्रॉम’च्या जागी ‘टू’ पडलं, तर बाबा एका झटक्यात जमीनमालक! ‘लेट’चं तसं नाही, तो फक्त देणाऱ्याचा. म्हणून ‘टू लेट’ची पाटी घरमालकच लावतो.

घराला नि खोलीला रेंट चालतं. नाम म्हणून रेंट म्हणजे भाड्याची रक्कम, असं आपण धरून चालतो. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 105 वं कलम बघा. त्यात लीजची व्याख्या आहे आणि मोबदल्यात पैशासोबत पिकाचा वाटाही धरलाय. त्या वाट्यालाही तिथं रेंटच म्हटलंय. म्हणजे बटईत मालकाच्या घरी जाणारी तुरीची पोती हाही रेंट! बटईला रोजच्या इंग्रजीत ‘शेअरक्रॉपिंग’ म्हणतात.

आणि शेजाऱ्याची बैलजोडी डवरणीपुरती फुकट आणली असेल, तर यातला एकही शब्द नको. तिथं ‘बॉरो’.